व्हॅनच्या छताचं कार्पेट

गेल्या आठवड्यात वहिनी फोनवर म्हणाली, "त्या व्हॅनवर घातलेत तेवढ्या पैशांत दोनदा कराडला येऊन गेला असतात की." मी तेव्हा विषय बदलला. पण ते मनात राहिलं, म्हणून इथे सगळं लिहितेय. वहिनी वाचेलच.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. आमची व्हॅन म्हणजे जुनी व्हॉक्सॉल व्हिव्हारो, आधी एका प्लंबरकडे होती. मागचा भाग म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. मार्चमध्ये पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत पहिल्यांदा आम्ही तिघं आत झोपलो आणि पहाटे लेकीच्या पांघरुणावर वरून पाणी टपकायला लागलं. बाहेर पाऊस नव्हता. रात्रभराचा आमचाच श्वास गार पत्र्यावर जमून थेंब झाला होता. त्या दिवशी ठरवलं, आतून भिंती आणि छत नीट करायचं.

इथे असं काम घरच्या घरी करणारे ढीगभर लोक आहेत आणि त्यासाठी खास कार्पेट मिळतं. घरातल्या जमिनीवरचं नव्हे. हे पातळ, फेल्टसारखं, २ मीटर पन्ह्याचं, मीटरवर मिळतं आणि चारही बाजूंना ताणलं जातं. कापलं की धागे सुटत नाहीत, त्यामुळे कडेला शिलाई लागत नाही. चाकावरच्या गोल उंचवट्यावरसुद्धा एकच तुकडा ताणून बसतो. एक गोष्ट मात्र कुणी करणार असेल तर लक्षात ठेवा, नुसत्या कार्पेटने पाणी थांबत नाही. वाफ कापडातून आरपार जाते आणि मागे पत्र्यावर जमते, वर ती दिसतही नाही, आणि आतल्या आत गंज धरतो. म्हणून आधी पत्र्याला हवा न शिरणारा काळा फोम फटी न ठेवता चिकटवायचा आणि त्यावर कार्पेट.

एका गॅरेजवाल्याला विचारलं. नुसतं कार्पेट बसवायचे ७०० पौंड, तेही दोन महिन्यांनी. मला राग आला, खरंच आला. कराडला स्टँडजवळच्या कुठल्याही कुशनवाल्याने संध्याकाळपर्यंत गाडी परत दिली असती. आमचे अण्णाच कुशनवाले. पाटण आणि उंडाळ्याच्या वाटेवर प्रवासी भरून धावणाऱ्या कितीतरी काळ्या-पिवळ्या वडाप जीपच्या सीटा त्यांनी शिवल्यात, आतून टपाला लाल मखमल लावून तिला बटणं मारलीत, झालरी सोडल्यात. आणि मी त्यांची मुलगी, परदेशात ७०० पौंड मोजू?

म्हणून आम्ही दोघांनीच करायला घेतलं. मे महिन्यातले दोन शनिवार-रविवार गेले. दुकानात मिळाला तो स्वस्त स्प्रे गोंद आणला, कापडावर मारला, लगेच वर दाबला. छान दिसलं. मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले आणि 'इथे माणूस स्वतःच्या हाताने काम करायला शिकतो' असं काहीतरी लिहिलंही होतं.

मग आला १९ जुलै २०२२. आमच्या लिंकनपासून जवळच कोनिंग्जबीला त्या दिवशी ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं, या देशातलं आजवरचं सर्वांत जास्त. चाळीस म्हणजे कराडची एप्रिलमधली दुपार, त्याचं मला काही वाटलं नाही. पण व्हॅन गडद राखाडी, आणि उन्हातला गडद पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. संध्याकाळी मागचं दार उघडलं तर अख्खं छत खाली लोंबत होतं. गोंद मधासारखा झाला होता, तारा सुटत होत्या.

मी अण्णांना व्हिडिओ कॉल केला. तिकडे रात्र झाली होती, जेवण उरकून ते बाहेर ओट्यावर बसले होते. त्यांनी बराच वेळ काही न बोलता बघितलं.

"सोल्युशन दोन्हीकडं लावलंवतंस का एकीकडंच?"

"कापडालाच."

"आणि वाळू दिलंस?"

"नाही अण्णा."

"मग ते कसं धरंल? दोन्हीकडं लावायचं. वाळाय द्यायचं. बोट लावून बघायचं. बोटाला चिकटाय पायजे, पर बोटावर याय नको. तवा दाबायचं."

इथल्या चांगल्या गोंदाच्या डब्यावर हेच तर लिहिलेलं असतं! दोन्ही पृष्ठभागांवर मारा, चिकट होईपर्यंत थांबा, मग दाबा. मी ते वाचलंही होतं. पण 'चिकट होईपर्यंत' म्हणजे नक्की कधी, ते अण्णांच्या त्या एका वाक्याने कळलं. आणि मग रात्री झोप लागेना. मी त्या दुकानाच्या मागच्या खोलीत वाढले. सोल्युशनचा वास आमच्या वह्यांनाही यायचा. दहावीच्या सुट्टीत मी म्हटलं होतं, दुकानात बसते, तर अण्णांनी ब्रश हातातून काढून घेतला होता. "तू पुस्तक धर." त्यांना माझ्या हाताला तो गोंद लागायला नको होता. मी पुस्तक धरलं, इंजिनियर झाले, इथवर आले. त्यांनी चूक केली असं मी कधीच म्हणणार नाही. पण घरातली एक विद्या माझ्या हातात आली नाही, हे मला लिंकनमध्ये ते लोंबणारं छत बघताना कळलं.

ऑगस्टमध्ये सगळं पुन्हा केलं. आधी जुना गोंद खरवडला, त्यात तीन दिवस गेले, सगळ्या कामात हेच सर्वांत वाईट. मग उष्णता सोसणारा, गाड्यांच्या आतल्या कामासाठीचा गोंद आणला. समोरच्या निवृत्त गृहस्थांनी आपण होऊन त्यांचा फिल्टरवाला मास्क आणून दिला, कारण बंद व्हॅनमध्ये त्या वाफेने डोकं गरगरतं आणि साध्या कापडी मास्कने काही होत नाही. दारं सताड उघडी ठेवायची, जवळपास ज्योत नको, हेही त्यांनी दोनदा बजावलं. शेजारधर्म आपल्याकडेच आहे असं आपण म्हणतो. मला इथेही मिळाला, ते लिहिलंच पाहिजे. फक्त आपल्याकडे तो मास्क चहाशिवाय परत गेला नसता. इथे ते गृहस्थ दारातूनच गेले.

छताच्या मधोमध खडूची रेघ मारली. कापड मधून दुमडून अर्ध्याच भागाला गोंद मारला, थांबलो, बोट लावून पाहिलं. मग मी मधून कडेकडे तळहाताने दाबत गेले आणि नवऱ्याने उरलेलं कापड झाडूच्या दांड्याने वर पेललं. पत्र्याच्या आडव्या फासळ्यांपाशी कापड वरून ताणून न्यायचं नाही, आधी खाचेत बोटांनी बसवायचं आणि मग पुढे जायचं. तिथे ताण ठेवला की पुढे कधीतरी ते सुटून पोकळी येते. दिव्यांच्या वायरी कुठून निघतात ते कापड लावायच्या आधीच मोजून लिहून ठेवलं होतं. दारांच्या कडेला बोटभर जास्त कापड सोडून ते रबराच्या आत खोचलं. ब्लेड मात्र सारखं बदलावं लागतं, बोथट ब्लेड कापड ओढतं.

त्यानंतरच्या एकाही उन्हाळ्यात छत सुटलं नाही. थंडीतही आता थेंब पडत नाहीत, मात्र रात्री छताची खिडकी बोटभर उघडी ठेवावीच लागते.

तर वहिनी, पैशांचं म्हणशील तर दोन वेळचा गोंद, कापड, फोम सगळं धरूनही तिघांच्या एका विमानप्रवासाइतकं झालेलं नाही. व्हॅनची किंमत मी यात धरलेली नाही, ती वेगळी, ती आम्हाला सामान आणायलाही लागतेच. आणि घरी येणं टाळलं असं तर मुळीच नाही. त्या ऑगस्टमध्ये मी अण्णांशी जेवढं बोलले, तेवढं कराडला महिनाभर राहूनही कधी बोलले नव्हते. तिथे आले की ते विचारतात, जेवलीस का, आणि मी म्हणते, जेवले.

काम संपलं त्या रविवारी पुन्हा कॉल लावला. अण्णा दुकानातच होते. फोन छतावरून फिरवला, भिंतींवरून फिरवला. ते म्हणाले, चाकापाशी ने. मी डाव्या चाकाच्या उंचवट्याजवळ नेला. त्यांनी चष्मा लावला, कामावरच्या पोराला हाक मारून बोलावलं, दोघांनी मिळून बघितलं.

"खालच्या कोपऱ्यात सुरकुती हाय बघ. दिसली?"

दिसली. मला तोवर दिसली नव्हती.

"सोल्युशन उरलंय न्हवं? मग ऊन हाय तवर उचकट आणि परत लाव."