लॉन मोवरच्या चाकांना ग्रीस कुठलं? माझा अनुभव

मॅन्युअलमधल्या त्या एका ओळीचा राग माझा अजून गेलेला नाही. "ड्राइव्ह व्हीलला वेळोवेळी योग्य ग्रीस लावावे." बस. योग्य म्हणजे कुठलं, चाकाच्या नेमक्या कुठल्या भागाला, किती, काही म्हणजे काही नाही. ब्लेड काढण्यावर चित्रांसकट दोन पानं आणि ज्या चाकांवर अख्खं मशीन ओढलं जातं त्यांना एक ओळ.

माझं मशीन सेल्फ प्रोपेल्ड आहे, मागची दोन चाकं इंजिनच्या जोरावर फिरतात. त्यातून करकर यायला लागली म्हणून चाकं काढली. ते काम सोपं आहे, एक बोल्ट आणि प्लास्टिकचं झाकण. चाकाच्या आतल्या बाजूने गोल दाते असतात, प्लास्टिकचे, आणि एक्सलच्या टोकाला लोखंडी पिनियन, म्हणजे दात्यांचं छोटं चाक, ती त्या दात्यांत अडकून चाक फिरवते. दाते कोरडे ठाक दिसले आणि मला वाटलं, सापडलं, ग्रीस नाही म्हणूनच आवाज.

मग अडलं ते इथे. हेल्पलाइनला तीनदा फोन केला. पहिला म्हणाला कुठलंही मल्टिपर्पज ग्रीस चालेल. दुसरी म्हणाली ग्रीस अजिबात लावू नका. तिसऱ्याने सांगितलं मॅन्युअल बघा! ज्या ओळीमुळे फोन केला तीच ओळ परत माझ्या हातात. तिघांपैकी एकानेही विचारलं नाही की तुम्ही ग्रीस लावणार आहात कुठे.

शेवटी डब्यांवरची अक्षरं स्वतःच समजून घेतली. एनएलजीआय नंबर म्हणजे फक्त घट्टपणा. ०००, ००, ० आणि मग १ ते ६, नंबर जितका मोठा तितकं घट्ट, आणि नेहमीच्या वापरातलं बहुतेक ग्रीस २ नंबरचं, बोटावर घेतलं तरी ओघळत नाही असं. या नंबरावरून दर्जा कळत नाही, मी आधी तसंच समजत होतो. लिथियम, कॅल्शियम, पॉलियुरिया ही नावं तेलाला धरून ठेवणाऱ्या पदार्थाची, स्पंज पाणी धरतो तसं तो तेल धरतो. काळं मॉली म्हणजे त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पूड, लोखंडावर लोखंड जोराने घासतं तिथे उपयोगाचं. सिलिकॉनवालं बहुतेक प्लास्टिकला सोसतं. हे सगळं खरं, पण एवढं वाचूनही माझा प्रश्न सुटत नव्हता, कारण प्रश्नच चुकीचा धरून बसलो होतो.

मी काय केलं, २ नंबरचं लिथियम घेतलं आणि दाते, पिनियन, बुश (चाकाच्या मधली नळी, तिच्यावर चाक फिरतं), सगळीकडे भरपूर भरलं. मशीन पहिल्यांदा एकदम शांत चाललं, फार बरं वाटलं. तिसऱ्या वेळी डावं चाक ओढेनासं झालं. उघडून बघतो तर दात्यांमध्ये हिरवट काळा लगदा, बारीक गवत आणि माती ग्रीसमध्ये कालवून बसलेली. चिमटीत घेऊन चोळला तर वाळू कचकच लागत होती. म्हणजे दात्यांना मी पॉलिश पेपरच लावून ठेवला होता. आणि खरी अडचण त्याच्या आत होती. पिनियनच्या पोटात एक छोटी चावी असते, एक्सल पुढे फिरला की ती खाचेत अडकते आणि मशीन हाताने पुढे लोटलं की सुटते, टिकटिक आवाज येतो तो तिचाच. ती ग्रीसमध्ये रुतून बसली होती, खाचेपर्यंत पोचतच नव्हती. एक्सल फिरतोय आणि पिनियन जागच्या जागी.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हेल्पलाइनवरचे पहिले दोघंही अर्धे बरोबर होते, दोघं वेगवेगळ्या जागेबद्दल बोलत होते. चाकाच्या बुशला किंवा बेअरिंगला ग्रीस हवंच, २ नंबरचं लिथियम, पातळ थर. प्लास्टिकच्या उघड्या दात्यांना चिकट काहीही नको, माझे मी कोरडेच ठेवतो, फार वाटलं तर वाळून कोरडा थर राहतो तो ड्राय ल्यूब स्प्रे. आणि चावीला फक्त एक थेंब पातळ तेल.

हो, एक राहिलंच, चाकाला हात लावायच्या आधी स्पार्क प्लगची वायर काढून ठेवा. आणि मशीन कलतं करायचं असेल तर एअर फिल्टर वरच्या बाजूला येईल असं, नाहीतर तेल फिल्टरमध्ये जातं. डावी आणि उजवी पिनियन दिसायला सारखी असते पण बऱ्याच मशीनमध्ये अदलाबदल केली तर चाक ओढतच नाही, म्हणून काढतानाच खूण करा. तिला धरणारी क्लिप उडून गवतात जाते, वरून फडकं धरा.

जुनं ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय नवीन लावू नका, वेगळ्या जातीची दोन ग्रीसं एकत्र आली, समजा लिथियमवर पॉलियुरिया, तर बऱ्याचदा पातळ होऊन वाहून जातात. मला तो लगदा काढायला जुना टूथब्रश आणि अख्खी दुपार लागली. प्लास्टिकवर कडक सॉल्व्हंट वापरायची भीती वाटली म्हणून साबणाचं कोमट पाणी घेतलं, दाते झिजलेले दिसले पण तुटलेला एकही नव्हता, हे बघून केवढा जीव भांड्यात पडला. पहिली करकर पण वाळूचीच होती, दाते धुतल्यावर ती आपोआप गेली, ग्रीसची गरज तिथे कधी नव्हतीच.

परवा चाक परत उघडलं. दात्यांत सुकं गवत होतं, दोनदा ब्रश मारला, सगळं खाली पडलं.