क्लच आणि गिअरचं पुराण: २००० सालची एमएक्स-५, आठ महिन्यांचा हिशोब

मंडळी, आधी गाडी सांगतो. माझदा एमएक्स-५, दुसरी पिढी म्हणजे एनबी, २००० सालची, १.८ लिटर, पाच गिअर, रंग हिरवा, छपराला दोन ठिगळं, दाराखालच्या पट्टीला गंज. मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या मुक्काम इंग्लंडमधलं शेफील्ड. घेताना इंजिन कान लावून ऐकलं, गंज बोटांनी चाचपला, क्लच मात्र धड बघितलाच नाही कारण विकणाऱ्याच्या गल्लीला उतार होता आणि गाडी हँडब्रेक सोडला की आपोआप निघायची. तिथंच गंडलो.

ऑक्टोबर

घरी आणताना पहिल्याच सिग्नलला कळलं. पेडल ओल्या स्पंजसारखं, अर्धं खाली जाईपर्यंत काहीच होत नाही, आणि क्लच पकडतो कुठं तर पार कार्पेटला टेकल्यावर. पहिला गिअर टाकताना खटका, रिव्हर्स टाकताना तर असा करकर आवाज की बसस्टॉपवरची म्हातारी वळून बघायला लागली.

गिअरबॉक्सला शिव्या घालायच्या आधी एक फुकटातली टेस्ट करा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा, मग इंजिन चालू करून तेच करा. माझ्याकडे बंद इंजिनवर पाचही गिअर लोण्यासारखे पडत होते आणि चालू केलं की अडत होते. म्हणजे क्लच पूर्ण सुटतच नाही, पेडल तळाला असतानाही थोडा चिकटून फिरतोय आणि बिचाऱ्या सिंक्रोला (गिअर पडताना वेग जुळवणारी रिंग) फिरत्या शाफ्टशी मारामारी करावी लागतेय.

गाडी स्टँडवर घेतली, खाली शिरलो. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर पाइपमधून फ्लुइड ढकलतो आणि त्या दाबाने स्लेव्ह सिलिंडर क्लच सोडवतो. हा स्लेव्ह गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला असतो, त्याचं रबरी टोपण नखाने उचललं तर काळंकुट्ट फ्लुइड थेट मनगटावर. एमएक्स-५ वाल्यांना हे नवीन नाही, या गाडीचे स्लेव्ह जातातच. स्लेव्हचा रॉड जेमतेम सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर सरकतो आणि तेवढ्यातच क्लच सुटायचा असतो, त्यामुळे सिस्टीममध्ये चिमूटभर हवा शिरली तरी सगळं गणित फिसकटतं. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला मास्टर पण उजवीकडे आणि स्लेव्ह पण उजवीकडे, पाइप छोटा, हे एक सुख. अमेरिकेतल्या लोकांचा पाइप डावीकडून उजवीकडे फिरून जातो.

नवा स्लेव्ह बसवला. ब्लीडिंगला, म्हणजे फ्लुइडमधली हवा काढायला, बायको पेडलवर, मी खाली. "दाब… धर… धर म्हटलं ना… आता सोड." हे वीस मिनिटं चाललं, शेजारचे गृहस्थ कुंपणावरून डोकावून सगळं ठीक आहे ना विचारून गेले, त्यांना बहुतेक भांडण वाटलं. शेवटी काही होत नाही म्हटल्यावर स्लेव्हचे बोल्ट काढून तो हातात घेतला आणि रॉड अंगठ्याने हळूहळू आत दाबला, तशी अडकलेली हवा मास्टरवरच्या फ्लुइडच्या डबीत बुडबुडे होऊन निघाली. ही युक्ती आधी केली असती तर बायकोचे पाय वाचले असते, हे तिनेच ऐकवलं.

नोव्हेंबर

स्वस्तातला स्लेव्ह तीन आठवड्यांत गळला. कंपनीचं नाव घेत नाही, डब्यावर घोडा छापलेला होता एवढं सांगतो. या वेळी चांगल्यातला घेतला आणि मास्टर पण सोबत बदलला, कारण दोघांची सील एकाच वयाची, एकाला नवं केलं की वाढलेल्या प्रेशरने दुसरा मान टाकतो. डॉट-४ फ्लुइड, पुन्हा ब्लीडिंग. या वेळी बायको म्हणाली मी चहा करते, तू तुझा अंगठा वापर.

पेडल टणक झालं. मग मला शहाणपण सुचलं. क्लच अजून थोडा वर पकडला तर किती छान, म्हणून डॅशबोर्डखाली उलटा झोपून मास्टरच्या पुशरॉडचा नट सोडला आणि रॉड लांब केला, इतका की पेडलचा मोकळा खेळ शून्य. दोन दिवस हवेत होतो, काय तो क्लच, पाय टेकला की काम. तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये चढावर, गाडी चांगली तापलेली, अॅक्सिलरेटर दिला तर आरपीएम वर आणि गाडी जागच्या जागी. क्लच स्लिप! जळका वास, मागे बस.

कारण साधं आहे पण मला ठेच लागल्यावरच कळलं. मास्टरच्या आत एक बारीक भोक असतं, पेडल पूर्ण वर आलं की पिस्टन त्याच्या मागे सरकतो आणि लाइनमधल्या फ्लुइडला डबीत परतायची वाट मोकळी होते. मी रॉड लांब केला, पिस्टन पूर्ण मागे येईचना, भोक झाकलेलं राहिलं. फ्लुइड तापून फुगलं, जायला जागा नाही, मग त्याने स्लेव्हच दाबला. म्हणजे माझा पाय क्लचवर नाही पण गाडीचा स्वतःचाच पाय क्लचवर. परत दोन-तीन मिलीमीटर मोकळा खेळ ठेवला आणि गप्प बसलो. क्लचची प्लेट वाचली असं सध्या तरी दिसतंय.

डिसेंबर

स्नेक पास, म्हणजे इथला डोंगरातला घाटरस्ता, बर्फाने बंद, गाडी अंगणात. सकाळच्या थंडीत दुसरा गिअर पडत नाही. पडतो, पण दारात उभ्या असलेल्या पाहुण्यासारखा, दोनदा या या म्हणावं लागतं.

गिअर ऑइल बदललं. दोन लिटर. आधी भरायचा प्लग सुटतो का ते बघा आणि मगच खालचा काढा, नाहीतर ऑइल ओतून बसाल आणि भरायला रस्ताच नाही. ऑइल घ्यायचं ते ७५डब्ल्यू-९० (हा घट्टपणाचा आकडा), जीएल-४ (हा ऑइलचा प्रकार). दुकानदार जीएल-५ गळ्यात मारतात, वरचा आकडा म्हणजे जास्त चांगलं असं सांगून. जीएल-५ हे मुख्यतः डिफरन्शियलसाठी (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा), त्यात दातांना वाचवणारी गंधक-फॉस्फरसवाली रसायनं जास्त असतात, त्यातली काही पितळेला मानवत नाहीत, आणि सिंक्रोची रिंग पितळी. शिवाय सिंक्रोचं कामच घासण्याचं आहे, रिंग गिअरच्या कोनावर घासून दोघांचा वेग जुळवते, तिथे जास्त गुळगुळीत झालं की ती नुसती घसरत बसते. थंडीत ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, रिंगला तो थर फोडूनच कोनापर्यंत पोचायचं असतं, म्हणून पहिल्या मैलात दुसरा गिअर नखरे करतो.

ऑइल बदलून निम्मा फरक पडला.

फेब्रुवारी

आता खरी गोष्ट. हे वाचून बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

माझी गिअरची दांडी साधारण साडेतीन हजार आरपीएमला झिंगायची, चमच्यावर चमचा घासल्यासारखा आवाज, आणि लांबच्या ड्राइव्हला डाव्या हाताला खालून गरम वाफ लागायची. मला वाटायचं जुन्या गाडीला असायचंच. एका रविवारी कन्सोल काढला. चामड्याचं आवरण, त्याखाली मोठं रबर, ते उचललं तर आतलं छोटं रबर उभं चिरलेलं, फुटलेल्या फुग्यासारखं. दांडी तीन बोल्टवर असते, ती वर उपसली. खालच्या टोकाला गोटी असते आणि गोटीवर नायलॉनची टोपी, अंगठ्याच्या पेराएवढी. माझी टोपी दोन तुकड्यांत हातात आली. त्यातला एक तुकडा पिवळा पडून बिस्किटासारखा ठिसूळ, बोटाने दाबला तर मोडला.

आणि ज्या वाटीत ही दांडी बसते ती कोरडी. तळाला काळा चिखल, वास जळक्या गिअर ऑइलचा. ही वाटी गिअरबॉक्सच्या डोक्यावर आहे पण तिचं ऑइल वेगळं, खालच्या ऑइलमध्ये मिसळत नाही, म्हणजे डिसेंबरात मी दोन लिटर नवं ऑइल भरलं त्यातला थेंबही इथे पोचला नव्हता. तेवीस-चोवीस वर्षांत इथे कुणी हात घातला असेल असं वाटत नाही.

मुलीच्या औषधाच्या सिरिंजने चिखल ओढून काढला (सिरिंज नंतर फेकली, विचारू नका), चिंधीने पुसलं, नवी टोपी, नवी दोन्ही रबरं, ८०-९० मिली तेच जीएल-४. सगळा मिळून खर्च चांगल्या जेवणाइतका, वेळ एक दुपार.

बसवून अंगणातच, इंजिन बंद, पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत बसलो. दांडी आता एका जागी थांबते. गिअरमध्ये असताना हलवली तर हलत नाही, आणि सोडली की न्यूट्रलला तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत स्वतः येऊन उभी राहते. आधी मी गिअर टाकायचो म्हणजे अंधारात चप्पल शोधायचो, आता पाय घातला की चप्पल. झिंग गेली, वाफ गेली.

लहानपणी काकांची पद्मिनी होती, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, मध्ये एवढे सांधे की हाताने तिसरा म्हटलं तरी गाडीपर्यंत निरोप पोचेतो चढ संपायचा. आताच्या छोट्या गाड्यांना केबल असतात, त्यात सगळं कसं गोड पण रबरातून बोलल्यासारखं. एमएक्स-५ मध्ये मध्यस्थच नाही, तुमच्या हातातली दांडी थेट गिअरबॉक्सच्या पोटात. त्यात या गाडीचा गिअरबॉक्स बॉडीला टांगलेला नसतो, एका लांब अॅल्युमिनियमच्या फ्रेमने तो थेट मागच्या डिफरन्शियलला जोडलेला असतो, त्यामुळे पाय उचलला किंवा दाबला तरी दांडी डुलत नाही. १९८९ साली शिकागोच्या शोमध्ये पहिली गाडी दाखवली तेव्हापासून ही रचना आहे. तोशिहिको हिराई आणि त्यांच्या लोकांनी जिन्बा इत्ताई, म्हणजे घोडा आणि स्वार एक, हे सूत्र धरून गाडी केली असं सांगतात, मला ते जाहिरातीतलं वाक्य वाटायचं. नायलॉनची टोपी बदलल्यावर आता वाद घालत नाही.

मार्च

शॉर्ट शिफ्टर, म्हणजे चाल आखूड करणारी गिअरची दांडी, घ्यायचा मोह झाला. कार्टमध्ये टाकला, काढला, परत टाकला. नाही घेतला. मुळात या दांडीची चाल पाचएक सेंटीमीटर, तीच अजून आखूड केली की तेवढंच काम कमी अंतरात करायचं, म्हणजे हाताला जोर जास्त आणि सिंक्रोवर घाई. थंडीत रुसणारा दुसरा गिअर असताना त्याला अजून ढोसायचं कशाला. ज्यांच्याकडे आहे त्यांनी राग मानू नका, पण आधी टोपी बघा हो. अर्ध्या लोकांना जो फरक शॉर्ट शिफ्टरचा वाटतो तो त्याच्याबरोबर बदललेल्या बुशचा, म्हणजे त्या नायलॉनच्या टोपीचा, असतो असं माझं पक्कं मत झालंय.

एप्रिल

आई कोल्हापूरहून आली. तिच्या बॅगेत चटणी, मेतकूट, आणि दोन गोधड्यांच्या मध्ये गुंडाळलेला पितळी गोळा.

त्याचं असं झालं, दांडीच्या टोकावरच्या जड नॉबने गिअर चांगला पडतो असं वाचून होतो, इथल्या किमती बघून डोळे पांढरे झाले, म्हणून उद्यमनगरात लेथ असलेल्या वडिलांच्या मित्राला फोन केला. काका म्हणाले पितळ आहे पडलेलं, आटे सांग. मी म्हटलं एम-१०, १.२५ पिच (म्हणजे १० मिलीमीटर जाडी, दोन आट्यांमधलं अंतर १.२५). त्यांनी एम-१० ऐकलं आणि नेहमीच्या सवयीने १.५ चा टॅप मारला. फोटो आला, मी म्हटलं काका १.२५, ते म्हणाले अरे बोल्टचं पिच दीडच असतं, मी म्हटलं जपानी आहे, ते म्हणाले मग आधी सांगायचंस की लेका. दुसरा गोळा केला. पहिला आता त्यांच्या टेबलावर पेपरवेट आहे.

४५ मिलीमीटरचा गोळा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३८० ग्रॅम भरला. हातात धरला की बत्त्याची आठवण येते. फरक आहे का? आहे. दांडी सुरू केली की गोळ्याचं वजन तिला पुढे नेतं, सिंक्रोपाशी जो क्षणभराचा अडथळा येतो तिथे हात जोर लावत नाही, गोळाच कलतो. पण एक तोटा, ऊन पडलं की हात भाजतो आणि सकाळी बर्फ. आईने त्याला लोकरीची टोपी विणून दिली आहे, लाल. मित्र हसतात, हसू दे.

मे

रस्ता सुटल्यावर स्नेक पासला गेलो, ए-५७, ग्लॉसॉपपर्यंत आणि परत. छप्पर उघडं, हीटर पायावर. बराचसा रस्ता ५० मैलांच्या मर्यादेतला, पण मजा वेगाची नाहीच, तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना ब्रेकवरच्या पायाच्या कडेने अॅक्सिलरेटरला टिचकी मारायची आणि क्लच सोडला तरी गाडीला कळू द्यायचं नाही, ही मजा आहे. दहातल्या सहा वेळा जमतं. उरलेल्या चार वेळा आई "अरे हळू" म्हणते. आंबा घाटात तिने वडिलांना हेच ऐकवलेलं आहे.

शिल्लक काय, तर क्लच दाबला की बारीक किरकिर येते, सोडला की जाते. म्हणजे रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लचला ढकलून सोडवणारं) बोलायला लागलंय. उलटं असतं, म्हणजे न्यूट्रलला पाय वर असताना आवाज आणि दाबल्यावर शांत, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनकडून येणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग धरलं असतं. बेअरिंगसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागणार, एकदा उतरवला की प्लेट, कव्हर, मागचं ऑइल सील सगळं एकदम, आणि त्या फ्रेमचे गंजलेले बोल्ट सुटणार कसे हा वेगळाच विषय. ते या हिवाळ्यात. आतापासून रोज बोल्टवर गंज सोडवायचा स्प्रे मारतोय, देवाला पाणी घातल्यासारखा.

आणि सकाळचा दुसरा गिअर अजून पहिल्या मैलात रुसतोच, तेवढं मी सोडून दिलं. त्याला डबल क्लच करतो: पहिल्यातून न्यूट्रल, पाय वर, परत पाय खाली, मग दुसरा. एसटीच्या ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून शाळेत असताना हे शंभर वेळा बघितलं होतं, तो कमरेएवढा दांडा आणि ड्रायव्हरचा तो निवांत डावा हात. तसा टाकला की गिअर एकदाही कुरकुरत नाही.