मीटरचा बल्ब

हेडलाइट गेला तर समोरून येणारा डिपर मारून सांगतो. ब्रेकलाइट गेला तर मागचा शिव्या घालून सांगतो. मीटरचा बल्ब उडाल्याचं मात्र कुणीच सांगत नाही, कारण तो उजेड चालवणाऱ्यापुरताच असतो. म्हणून तो उडाला की ‘बघू दिवाळीत’ म्हणत वर्षं निघतात.

आमच्या जुन्या डिझेल जीपच्या मीटरमधले बल्ब असेच एकेक करून गेले. आधी उजवीकडचा. रात्री काटा साठपर्यंत दिसायचा आणि पुढं अंधारात शिरायचा. आमच्या अंबाजोगाईकडच्या रस्त्यांची तेव्हाची तब्येत पाहता साठच्या पुढचे आकडे तसेही शोभेचेच होते. मग डिझेलच्या काट्यावरचा गेला. तेव्हापासून शेजारी बसणाऱ्याला एक काम लागलं. अण्णा म्हणायचे, ‘जरा मोबाइल मार रे काट्यावर.’ पाहुणा असो की जावई, सुटका नाही.

हे बल्ब बहुतेक वेळा चालू करतानाच का जातात, याला कारण आहे. तापलेल्या टंगस्टनच्या तारेचा कण न कण उडून काचेला आतून चिकटतो, काच काळी पडते, तार कुठंतरी बारीक होते. त्यात थंड तारेचा विरोध तापलेल्या तारेच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढाच, त्यामुळे बटण दाबल्याच्या क्षणी करंटचा लोंढा येतो आणि बारीक झालेली जागा तुटते. खड्ड्यांचे हादरे असतातच मदतीला.

शेवटी मीटर उघडलं ते मामूंनी. वायरिंगच्या कामात गावात त्यांचा हात धरणारा नाही. आधी बॅटरीचं टर्मिनल काढलं, मग मीटरचे स्क्रू, मग मागं हात घालून किलोमीटरची केबल सोडवली आणि आख्खं मीटर मांडीवर घेतलं. आत काळ्या रानाची पिठासारखी धूळ. मागच्या बाजूला वायरींचं जंजाळ असेल असं मला वाटलेलं, तर तिथं तांब्याच्या पट्ट्या छापलेला प्लास्टिकचा पातळ कागद. त्यात प्लास्टिकचे होल्डर, थोडे पिळले की सुटणारे. बल्ब बोटाच्या पेरापेक्षा लहान, बुडाला धातू नाही, चपट्या काचेवर दोन्हीकडं एकेक तार दुमडलेली. त्यावर हिरवी रबरी टोपी. इतकी वर्षं जो हिरवा उजेड पाहत आलो, तो बल्बचा नव्हताच, या टोपीचा होता. एक टोपी उष्णतेनं इतकी कडक झालेली की काढताना मामूंच्या बोटात चुरा झाली.

‘चालू आहेत ते राहू द्या की,’ मी म्हटलं.

‘सगळे एकाच वयाचे आहेत, भैया. आज दोन बदलले तर महिन्याभरात पुन्हा हेच स्क्रू.’

मग एलईडीचा विषय निघाला. मामूंनी एक लावून दाखवला. पेटेना, तेव्हा उलटा करून बसवला. त्याला प्लस-मायनस लागतं, साध्या बल्बला काही फरक पडत नाही. पेटला तो असा, की समोरच्या काचेत आख्खं मीटर उमटलं. पाहणाऱ्या पोरांना लई आवडलं. मला नको वाटलं. आपल्याकडं उसाचा सीझन सुरू झाला की रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, आणि डोळ्याला अंधाराची नीट सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. नाकासमोर लग्नाचा मांडव पेटवून ती सवय मोडायची कशाला? मीटरचा उजेड मिणमिणताच बरा. नवीन गाड्यांतले टीव्हीएवढे पडदे पाहिले की मला त्या चालवणाऱ्यांची काळजी वाटते.

चार्जिंगच्या लाल दिव्याला तर मामूंनी एलईडी लावूच दिला नसता. चावी फिरवल्यावर त्या बल्बमधून जाणाऱ्या करंटवरच बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर जागा होतो. एलईडी इतका थोडा करंट सोडतो, की काही गाड्यांत चार्जिंग सुरूच होत नाही. तिथंही साधाच बल्ब टाकला. टोप्या जुन्या, धुऊन. चुरा झालेलीच्या जागी दुसऱ्या भंगार मीटरची.

आता डिझेलचा काटा रात्रीही स्वच्छ दिसतो. परिणाम एवढाच, की अर्ध्याच्या खाली आला की अण्णा प्रत्येक पंपावर गाडी आत घ्यायला लावतात.