खाजणातली हाडे आणि रूथ गॅलोवे

एली ग्रिफिथ्स या इंग्लिश लेखिकेची ‘द क्रॉसिंग प्लेसेस’ ही २००९ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी मी या महिन्यात दुसऱ्यांदा वाचली. पहिल्या वाचनात गुन्हेगार कोण हे शोधण्याच्या नादात जे निसटले होते, ते या वेळी सावकाश वाचता आले, म्हणून हे लिहितो आहे. गुन्हेगाराचे नाव मी सांगणार नाही. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनीही हे निर्धास्तपणे वाचावे.

इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉर्फोक परगण्यात, समुद्राला लागून असलेल्या एका खाजणात काही हाडे सापडतात. हॅरी नेल्सन हा तिथला पोलीस अधिकारी. दहा वर्षांपूर्वी बेपत्ता झालेल्या लूसी नावाच्या लहान मुलीचा तपास त्याच्या हातून अपुरा राहिलेला आहे आणि ही बोच त्याने आपल्यापुरती जपून ठेवलेली आहे. हाडे लूसीचीच असावीत अशी त्याची जवळजवळ खात्री असते. पण खात्री करून घ्यायला कोणी जाणकार हवा, म्हणून तो विद्यापीठात पुरातत्त्व शिकवणाऱ्या आणि मानवी अस्थींचा विशेष अभ्यास असलेल्या डॉ. रूथ गॅलोवेकडे येतो. रूथ चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे, दोन मांजरांसह खाजणाच्या काठी एका आडबाजूच्या घरात एकटी राहते, आणि जे समोर दिसते त्यापलीकडे एक शब्दही न बोलण्याची तिला सवय आहे. ती हाडे पाहते, त्यांच्याजवळ सापडलेले पिळाचे धातूचे कडे पाहते आणि सांगते, की ही मुलगी लोहयुगातली आहे, तिला जाऊन सुमारे दोन हजार वर्षे झाली. रूथच्या दृष्टीने हा आयुष्यात क्वचित हाती लागणारा शोध असतो. नेल्सनला मात्र लूसीच्या आईवडिलांकडे पुन्हा रिकाम्या हाताने जावे लागणार असते. एकाच हाडापाशी उभ्या असलेल्या दोन माणसांच्या मनांत इतक्या विरुद्ध गोष्टी चाललेल्या असाव्यात, हा प्रसंग मला संपूर्ण कादंबरीतला सर्वांत मोलाचा वाटतो.

हाड किती जुने, हा प्रश्न वरवर पाहता प्रयोगशाळेचा वाटतो. सजीव मेल्यानंतर त्याच्या शरीरातील कार्बन-१४ हळूहळू कमी होत जातो, ५,७३० वर्षांत निम्मा उरतो, आणि त्या हिशेबावरून वय काढता येते. परंतु हा अहवाल यायला वेळ लागतो आणि खड्ड्याच्या काठावर उभ्या असलेल्या पोलिसाला उत्तर त्याच दिवशी हवे असते. अशा वेळी मातीचा थर, हाडाचा रंग, शेजारी पडलेली वस्तू आणि अभ्यासकाची नजर एवढ्यावरच भिस्त असते. रूथ या कथेत हौशी शोधक म्हणून शोभते ती यामुळेच. तिला गुन्हेगारांच्या मानसशास्त्राचे काही कळते असा आव लेखिकेने आणलेला नाही. कोणती गोष्ट आधी घडली आणि कोणती नंतर, कोणती माती मूळची आणि कोणती कोणी उकरून पुन्हा भरलेली, एवढेच तिला कळते, आणि तपासाला नेमके तेच लागते.

हे मला विशेष भिडले, याला एक खासगी कारण आहे. विद्यार्थी असताना मी एका उत्खननावर काही दिवस काम केले होते. दुसऱ्याच दिवशी माझ्या चरात खापराचा एक रंगवलेला तुकडा मातीतून डोकावू लागला आणि मी उत्साहाच्या भरात तो थापीच्या टोकाने उचकटून बाहेर काढला. सर जवळ आले. त्यांनी माझ्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलेच नाही. ते वाकून तो जिथून निघाला होता त्या खळग्याकडे पाहत राहिले. खळग्याची कड ढासळली होती. तुकडा कोणत्या थरातला, आडवा पडलेला होता की उभा रुतलेला, त्याखाली राख होती की चिकणमाती, हे सांगणारे सगळे त्या ढासळलेल्या चिमूटभर मातीबरोबर गेले होते. “आता हे नुसते खापर आहे,” एवढेच ते म्हणाले. कादंबरीतल्या नेल्सनला प्रत्येक गोष्टीची घाई असते आणि रूथ त्या घाईपुढे नमत नाही, तेव्हा मला तो खळगा हटकून आठवतो.

रूथच्या प्रश्नाला प्रत्यक्षातही किती वजन असते, हे इंग्लंडमध्येच घडलेल्या एका घटनेवरून कळते. १९८३ साली चेशायर परगण्यातील लिंडो मॉस या दलदलीत पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती, काढणाऱ्या कामगारांना एका मानवी कवटीचा भाग सापडला. जवळच राहून गेलेल्या एका माणसाची पत्नी वीसहून अधिक वर्षांपूर्वी नाहीशी झालेली होती. कवटी सापडल्याचे कळताच ती तिचीच असणार असे समजून त्याने खुनाची कबुली दिली. नंतर कालमापन झाले आणि कवटी रोमन काळातली, म्हणजे सतराशेहून अधिक वर्षांपूर्वीची निघाली. त्याने कबुली मागे घेण्याचा प्रयत्न केला, तरी तिच्याच आधारे त्याला शिक्षा झाली. पत्नीचे अवशेष मात्र कधीच मिळाले नाहीत. पुढच्याच वर्षी त्याच दलदलीत एका प्राचीन पुरुषाचा देह सापडला, जो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आम्लयुक्त पाणी आणि प्राणवायूचा अभाव यांमुळे अशा दलदलीत कातडी कमावलेल्या चामड्यासारखी टिकून राहते, आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा मृत्यू कालचा वाटावा इतका जवळ येतो.

कादंबरीतले खाजण काल्पनिक असले, तरी त्यामागची जागा खरी आहे. लेखिकेचे पती शहरातली नोकरी सोडून पुरातत्त्वाकडे वळलेले. नॉर्फोकमधील टिचवेलच्या खाजणातून दोघे चालत असताना त्यांनी सांगितले, की प्रागैतिहासिक माणसे अशी जमीन पवित्र मानत, कारण ती धड भूमी नव्हे आणि धड समुद्रही नव्हे. म्हणून ती त्यांना इहलोक आणि परलोक यांना जोडणारी वाट वाटे. त्या एका वाक्यातून रूथ जन्माला आली. आपल्याला ही कल्पना समजायला मुळीच अवघड जात नाही. हिरण्यकशिपूचा वध ना घरात ना बाहेर, ना दिवसा ना रात्री, असा उंबरठ्यावर तिन्हीसांजेला झाल्याची कथा ऐकतच आपण वाढलो. दोन अवस्थांच्या मधली जागा सामर्थ्याची आणि भयाची असते, हे आपल्याकडे वेगळे शिकवावे लागत नाही.

कथेत रूथने दहा वर्षांपूर्वी आपले गुरू एरिक यांच्याबरोबर त्याच किनाऱ्यावर लाकडी खांबांच्या एका प्राचीन वर्तुळाचे उत्खनन केलेले आहे. त्याला आधार आहे तो सीहेंजचा. १९९८ मध्ये नॉर्फोकच्या होम-नेक्स्ट-द-सी या गावाजवळ समुद्राने पीटचा थर धुऊन नेल्यावर ओक लाकडाच्या ५५ खांबांचे वर्तुळ उघडे पडले. मधोमध एका प्रचंड ओकचा बुंधा मुळे आभाळाकडे करून उलटा रोवलेला होता. लाकडातील वार्षिक वलयांवरून खांबांची झाडे इ.स.पूर्व २०४९ च्या वसंतात किंवा उन्हाळ्यात तोडली होती, हे ठरवता आले. लाकडावरच्या घावांवरून तर किमान ५० वेगवेगळ्या कुऱ्हाडी चालल्या होत्या हेही ओळखता आले, कारण प्रत्येक कुऱ्हाडीच्या पात्याची वक्रता वेगळी असते. बुंध्याभोवती तो ओढून आणण्यासाठी वापरलेला हनीसकलच्या वेलीचा पिळलेला दोर तसाच होता. चार हजार वर्षांपूर्वीच्या एका ऋतूत किती कुऱ्हाडी कामाला लागल्या हे जी विद्या सांगू शकते, तिच्या अभ्यासकाला तपासात स्थान का नसावे?

१९९९ मध्ये हे खांब तिथून हलवायचे ठरले तेव्हा ड्रुइड पंथाच्या, म्हणजे प्राचीन केल्टिक निसर्गपूजेचा वारसा सांगणाऱ्या, लोकांनी आणि काही स्थानिकांनी तीव्र विरोध केला. आता ते किंग्ज लिन येथील संग्रहालयात आहेत. कादंबरीतल्या कॅथबॅड या ड्रुइडच्या तोंडी लेखिकेने हा विरोध दिला आहे, आणि त्याची बाजू हास्यास्पद ठरू दिलेली नाही, याचे मला कौतुक वाटते. समुद्राने जे दिले ते समुद्राने परत न्यावे, हे त्याचे म्हणणे रूथला पटत नाही, पण तिला ते खोडूनही काढता येत नाही.

कादंबरीत उणिवा आहेत. संशयितांची संख्या थोडी असल्यामुळे सराईत वाचकाला अंदाज लवकर येतो, आणि शेवटच्या प्रकरणांतले रात्रीचे वादळ कथानकाच्या सोयीने आल्यासारखे वाटते. परंतु कथा सर्वत्र वर्तमानकाळात सांगितलेली असल्यामुळे भरतीचे पाणी पायवाटा गिळत असताना पुढचे पाऊल कुठे टाकावे हे रूथइतकेच आपल्यालाही ठाऊक नसते, आणि त्या भीतीपुढे बाकीचे विसरायला होते.

या मालिकेत २०२३ पर्यंत पंधरा कादंबऱ्या आल्या. दुसऱ्या कादंबरीची सुरुवात नॉरिच शहरात पाडल्या जाणाऱ्या एका जुन्या वाड्याच्या दाराखाली सापडलेल्या मुलाच्या सांगाड्याने होते. ते वाचताना मला पुण्याजवळच्या घोड नदीकाठचे इनामगाव आठवले. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या तिथल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनीखाली मुलांची दफने सापडली होती. दोन मोठे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आणि त्यांच्या आत ते मूल. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणा आईने ते रांजण निवडले असतील, आणि पुढे त्याच जमिनीवर ती रोज सारवत, रांधत राहिली असेल.