‘शेवट का बदललात?’

पुन्हा तोच प्रश्न. “भवभूतीच्या मालतीमाधव नाटकात शेवटी सगळं गोड होतं, त्यावरच्या तुमच्या कादंबरीत का नाही? शेवट का बदललात?” ग्वाल्हेरकरांनी विचारलं की जास्त लागतं, कारण नाटकातली पद्मावती म्हणजे आपलं पवाया, डबऱ्याच्या पुढं, सिंध-पार्वतीच्या संगमावरचं. भवभूती घरचा आणि घरच्याच बाईनं त्याची वाट लावली, असा एकूण सूर.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शेवटाला मी हातच लावलेला नाही. मी फक्त उडणं काढलं.

आठव्या शतकातलं हे दहा अंकी ‘प्रकरण’, म्हणजे कल्पित कथेवरचं संस्कृत नाटक. त्यात नरबळी देणाऱ्या पंथातली कपालकुंडला आकाशमार्गानं ये-जा करते, सौदामिनी ही योगिनीही करते. रंगमंचावर ते खपतं. नटी आली म्हणाली की आली. कादंबरीचा वाचक मात्र विचारतो, कुठून आली, कितीशा वेळात, वाटेत खाल्लं काय? म्हणून लिहायला बसण्याआधी दर अंकाचा एक कागद होतो. तिथी, ऋतू, उजेड कसला, कोण कुठे आहे, कुणाला काय ठाऊक आहे. पहिल्या अंकात मदनोत्सव, म्हणजे वसंत. तिसऱ्यात अंधारी चतुर्दशी. नवव्यात पावसाळी ढग. हे सगळं भवभूतीनंच देऊन ठेवलंय, आपण फक्त उतरवून घ्यायचं.

त्या कागदाचा उपयोग बघा. पाचव्या अंकातलं स्मशान. चतुर्दशीचा चंद्र पहाटे उगवणार, तोही नखाएवढा. म्हणजे उजेड चितांचाच. श्लोकात माधवाला सगळं स्वच्छ दिसतं: एक भुकेलं पिशाच्च आधी कातडं सोलतं, मग खांद्या-पाठीचं मांस संपवतं, मग सांगाडा मांडीवर घेऊन सांध्यांच्या खाचांतलं कोरून खातं, आणि तेही अगदी निवांत. तो निवांतपणा मी ठेवला, पिशाच्चाच्या जागी कोल्हा घातला. चितेपासून दहा पावलांपलीकडचं सारं आवाजावर आणि वासावर सोडलं. मुळातही माधव मालतीला ओळखतो ते तिच्या आक्रोशावरून. तिथं काही बिनसलं नाही.

बिनसलं ते आठव्या अंकात. मालतीचा बळी द्यायला निघालेल्या अघोरघंटाला माधवानं स्मशानात मारलेलं असतं. त्याचा सूड म्हणून त्याची शिष्या कपालकुंडला मालतीला पळवते. तिला श्रीपर्वतावर नेऊन तिचे तिळातिळाएवढे तुकडे करायचे, असा बेत. श्रीपर्वत म्हणजे श्रीशैलम धरलं, तर पवायापासून सरळ रेषेतच हजार किलोमीटरच्या वर. उडून गेली तर एका ओळीचं काम. चालत गेली तर? न येणाऱ्या बाईला ओढत दिवसाला वीस किलोमीटर म्हणजे पुष्कळ झाले. मुख्य रस्ता टाळायचा, गावाबाहेर मुक्काम करायचा, आणि कैदी मेली तर सूड फसला म्हणून तिला खाऊही घालायचं. आठवा अंक उन्हाळ्यातला. जेठाच्या शेवटी निघाल्या तर नर्मदेला पोचेपर्यंत साधारण चारशे किलोमीटर, म्हणजे आषाढ. नर्मदेला पूर. नाव बंद.

झालं. दोघी उत्तर काठावर अडकल्या. एकीचा गुरू दुसरीच्या नवऱ्यानं मारलेला, आणि सुरी एकच. आता सांगा, भाद्रपद येईपर्यंत या दोघी एकमेकींशी बोलणारच नाहीत? मालती आजारी पडली तर काढा कोण देणार? आणि त्यानंतर दहाव्या अंकात राजाचं संमतीपत्र आलं, मालती-माधवाचं आणि त्यांच्या मित्रमैत्रिणीचं अशी दोन्ही लग्नं मान्य झाली, की मालती हसत माधवाशेजारी उभी राहणार? मला ते लिहिता येईना. तुम्हाला आलं असतं तर लिहा.

माझ्या पहिल्या आराखड्यात स्पष्ट लिहिलेलं आहे: ‘चमत्कार तेवढे गाळायचे, कथानक जसंच्या तसं.’ ते लिहिणाऱ्या बाईशी माझं अजून भांडण चालू आहे. ती म्हणते, दोघींना पवायाजवळच्याच नरवरच्या डोंगरात लपवलं असतं तर भागलं असतं. दोन दिवसांत सुटका, शेवट शाबूत. खरं आहे, भागलं असतं. पण मग सूडाला जागेचं बंधन कशाला, घरामागंच का नाही मारलं, याचं उत्तर तिच्याकडे नाही. माझ्याकडे माधवाचं नाही. नाटकाचा नायक माझ्या कादंबरीच्या उत्तरार्धात विंध्याच्या रानात नुसता भटकत राहतो, हे मला दिसतं.

“कपालकुंडला तर बंकिमचंद्रांनी केलीच होती,” असंही सुनावतात. १८६६ सालच्या त्यांच्या कादंबरीतली ती मुलगी निराळी, नाव तेवढं या नाटकातलं.

राहिली सौदामिनी. मुळात मालतीला सोडवते ती. ती श्रीपर्वताकडून येणार, म्हणजे दक्षिणेकडून. उडता येत नाही म्हटल्यावर तीही पैलतीरावर अडकली. वाचवणारी वेळेवर पोचलीच नाही, याचा राग तुमच्या पत्रांतून फार येतो. तिला पावसाआधी निघायला लावता येईल का, तर येईल. पण मालती संकटात आहे हे तिला तिकडे कळवणार कोण? ते सुचलं तर पुढच्या आवृत्तीत बघू.