तुम्ही विचारलंत म्हणून: हात आखडता ठेवून रोम नीट बघता येतं का?

"युरोपला जायचंय, पण बजेट बेताचं आहे. एखादं शहर मनासारखं बघून होईल, की पैसे वाचवायच्या नादात नुसतीच तंगडतोड?" हा प्रश्न सारखा येतो. सगळ्या युरोपला लागू पडेल असं उत्तर देण्यात अर्थ नाही, म्हणून रोमपुरतं बोलू. रोम बघता येतं आणि उत्तम बघता येतं, कारण तिथली कितीतरी थोर शिल्पं-चित्रं चर्चमध्ये आहेत आणि चर्चला तिकीट नसतं. पिण्याचं पाणी रस्त्यावर फुकट मिळतं आणि बसचं तिकीट दीड युरोचं आहे. फक्त तिथे पैसे वाचतात ते वेळ सांभाळल्यामुळे. दुपारी एक वाजता चर्चच्या बंद दारासमोर उभे राहिलात की पुढचे तीन तास एखाद्या महागड्या कॅफेत जातात, आणि वाचवलेलं सगळं तिथेच खर्च होतं.

कात्री कुठे लावायची नाही ते आधी. राहण्याची जागा मेट्रोपासून पायी पाच-सात मिनिटांवर हवी. शहराबाहेरचं स्वस्त हॉटेल घेऊन रोज दीड-दोन तास प्रवासात घालवणं परवडत नाही. तेर्मिनी स्टेशनच्या आसपास स्वस्त खोल्या मिळतात, पण मेट्रो ए वरचं सान जोव्हान्नी किंवा रे दी रोमा जास्त शांत आणि घरगुती वस्तीचं आहे. ननलोकांनी चालवलेली अतिथिगृहंही असतात, इटालियनमध्ये त्यांना 'काझा पेर फेरिए' म्हणतात. खोल्या साध्या, स्वच्छ, आणि कुटुंबासाठी फार सोयीच्या. बऱ्याच ठिकाणी रात्री अकराच्या सुमारास दार बंद होतं, तेवढं बुकिंगच्या वेळी विचारून घ्या. खोलीच्या भाड्यावर शहराचा कर वेगळा लागतो, माणशी आणि दर रात्रीला. तीन तारांकित हॉटेलात तो 6 युरो आहे. दहा वर्षांखालच्या मुलांना माफ आहे, आणि सलग दहा रात्रींनंतर घेत नाहीत. दोघांच्या पाच रात्री म्हणजे 60 युरो. बुकिंग करताना दिसणाऱ्या रकमेत तो बहुतेकदा धरलेला नसतो, त्यामुळे हिशेब तिथेच चुकतो.

आता विमानतळ. फ्युमिचीनोहून तेर्मिनीला थेट जाणारी लेओनार्दो एक्सप्रेस 14 युरोंची. त्याच स्थानकातून एफएल-1 नावाची लोकल सुटते, तिचं तिकीट 8 युरो. ती तेर्मिनीला जात नाही. त्रास्तेवेरे, ओस्तिएन्से, तिबुर्तिना अशी जाते. ओस्तिएन्सेला उतरून मेट्रो बी पकडता येते. लोकलचं तिकीट काढून चुकून एक्सप्रेसमध्ये बसलात तर दंड होतो, म्हणून फलाटावरची पाटी वाचूनच चढा. छापील तिकीट असेल तर गाडीत बसण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात शिक्का मारावा लागतो. तिकीट खिशात असूनही शिक्का नसेल तर तपासनीस ऐकून घेत नाही.

शहरात दीड युरोचं तिकीट पहिल्या शिक्क्यापासून 100 मिनिटं चालतं. तेवढ्या वेळात बस आणि ट्राम हव्या तितक्या, मेट्रो मात्र एकदाच. एकदा मेट्रोच्या फाटकाबाहेर पडलात की त्या तिकिटावर परत आत जाता येत नाही. कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवूनही हेच भाडं कापलं जातं, पण एका कार्डावर एकच माणूस. नवरा-बायकोने एकच कार्ड दोनदा टेकवलं तर दुसऱ्याचं तिकीट निघत नाही. आणि प्रत्येक वेळी तेच टेकवायचं: सकाळी कार्ड आणि दुपारी त्याच कार्डाचा फोन असं केलंत, तर यंत्राला ती दोन वेगळी कार्डं वाटतात. दिवसभराचा पास घ्यायच्या आधी मोजून बघा. कोलोसियम, पँथिऑन हे प्राचीन घुमटाचं मंदिर, नवोना चौक आणि ट्रेवी कारंजं हे सगळं एकमेकांपासून पायी अंतरावर आहे, दिवसाला दोन-तीन तिकिटांपेक्षा जास्त क्वचितच लागतात. तेर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणाऱ्या 64 नंबरच्या बसमध्ये आणि मेट्रो ए मध्ये खिसेकापूंचा वावर आहे. पासपोर्ट आणि मुख्य कार्ड कपड्यांच्या आतच ठेवा.

मुख्य गोष्ट चर्चची. एका सकाळचा रस्ता सांगतो. पँथिऑनपासून दोन-तीन मिनिटांवर सान लुईजी देई फ्रांचेझी हे फ्रेंच लोकांचं चर्च आहे. आत शिरल्यावर डाव्या रांगेतल्या शेवटच्या, म्हणजे पाचव्या छोट्या दालनात कारावाज्जो या इटालियन चित्रकाराची तीन चित्रं आहेत, तिन्ही संत मॅथ्यूची. बाजूची दोन 1599-1600 मधली. दालन अंधारं असतं आणि बाजूला नाणं टाकायचं यंत्र असतं. नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळाने आपोआप विझतो. म्हणून सुटी नाणी जवळ हवीतच. नोटेचा इथे उपयोग नाही. दिवा लागल्याबरोबर मोबाइल काढू नका. आधी डावीकडचं चित्र बघा, येशू जकात गोळा करणाऱ्या मॅथ्यूला शिष्य व्हायला बोलावतो तो प्रसंग: टेबलाभोवती पैसे मोजत बसलेली माणसं, उजव्या कडेला जेमतेम दिसणारा येशू आणि त्याचा पुढे केलेला हात. चित्रातल्या खिडकीतून उजेड येतच नाही, तो उजवीकडून तिरपा येतो. आणि त्या दालनाची खरी खिडकीही वेदीच्या वर, त्याच बाजूला आहे. ज्या भिंतीसाठी हे चित्र काढलं त्याच भिंतीवर ते आजही आहे, म्हणून हे कळतं. तिकीट काढून बघायच्या संग्रहालयात ही गोष्ट कधीच मिळणार नाही.

तिथून तीन मिनिटांवर सांतागोस्तिनो. त्यात कारावाज्जोची दारात उभी असलेली मेरी आहे आणि समोर गुडघे टेकलेलं म्हातारं यात्रेकरू जोडपं. त्यातल्या पुरुषाचे मळलेले तळवे थेट आपल्याकडे वळलेले आहेत; पंढरपूरची वारी पायी केलेल्या माणसाचे असावेत तसे. त्याच चर्चमध्ये एका खांबावर राफाएलने काढलेला प्रेषित इसाया आहे, वर बघितलं नाही तर हुकतो. तिसरं चर्च सांता मारिया देल पोपोलो, मेट्रो ए च्या फ्लामिनियो स्टेशनला लागून. तिथे कारावाज्जोच्याच एका चित्राचा बराचसा भाग घोड्याने व्यापलाय, आणि खाली पडलेला सॉल, म्हणजे पुढे झालेला संत पॉल, हात पसरून आहे. याच जातीतली अजून दोन ठिकाणं: सान पिएत्रो इन विंकोलीमधला मायकेलअँजेलोचा मोझेसचा पुतळा आणि सांता मारिया देल्ला व्हित्तोरियामधलं बेर्निनीचं संत तेरेसाचं शिल्प. कुठेही पैसे लागत नाहीत.

बहुतेक चर्च साधारण साडेबारा-एकला बंद होतात आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास उघडतात, म्हणून चर्चसाठी सकाळ किंवा संध्याकाळ धरायची. प्रार्थना चालू असेल तेव्हा चित्रांकडे फिरू नये. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पर्समध्ये एक ओढणी ठेवलीत की काम भागतं. सेंट पीटर्स बॅसिलिका मात्र दुपारी बंद होत नाही. प्रवेश फुकट आहे, रांग असते ती सुरक्षा तपासणीची. सकाळी सातला पोचलात तर ती फारशी नसते, दहाला गेलात तर अख्ख्या चौकाला वळसा पडलेला असतो. बुधवारी सकाळी पोपची जाहीर भेट असते, तेव्हा तो वेळ टाळा.

पैसे देऊन बघण्यासारखं एकच निवडायचं तर कोलोसियम. साधं तिकीट 18 युरोंचं, त्यात शेजारचे फोरम (जुन्या रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि पॅलेटाइन टेकडीही येते आणि ते 24 तास चालतं. हे तिकीट अधिकृत संकेतस्थळावर तारखेच्या 30 दिवस आधी खुलं होतं, नावानिशी असतं आणि दारात पासपोर्ट बघतात. हंगामात भराभर संपतं. मग तेच तिकीट 'गाइडसह' म्हणून दुप्पट-तिप्पट भावात विकणारे भेटतात. महिनाभर आधी कॅलेंडरवर खूण केलीत तर हा खर्च टळतो. इटलीच्या सरकारी संग्रहालयांत 18 वर्षांखालच्या कुठल्याही देशाच्या मुलांना प्रवेश फुकट आहे, पण कोलोसियमला त्यांचंही शून्य युरोचं तिकीट आधी काढावं लागतं. 18 ते 25 वयाची सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे, आपल्या कॉलेजचं ओळखपत्र तिथे चालत नाही. पँथिऑनला जुलै 2023 पासून 5 युरो लागतात, ते देण्यासारखे आहेत.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं सगळ्यांना फुकट असतात. त्या दिवशी कोलोसियमला जाऊ नका, रांगेत अर्धा दिवस जाईल. त्याऐवजी तेर्मिनीजवळच्या पालाझ्झो मास्सिमोत जा. तिथे सम्राट ऑगस्टसची राणी लिव्हिया हिच्या वाड्यातली, भिंतींवर बाग रंगवलेली खोली आहे. शिवाय थकून बसलेल्या मुष्टियोद्ध्याचा कांस्यपुतळा आहे. त्याच्या चेहऱ्यावरच्या जखमांतलं रक्त तांब्याचं जडवलेलं आहे. किंवा पिरामिदे मेट्रोशेजारच्या पोर्ता सान पाओलोहून दीड युरोच्याच तिकिटावर ओस्तिया आंतिकाला जा. रोमचं जुनं बंदर, अख्खं गावच्या गाव उभं आहे. व्हॅटिकन संग्रहालय महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट असतं, पण दुपारी दोनपर्यंतच, आणि गर्दी अशी की सिस्टिन चॅपलमध्ये मान वर करायला जागा नसते. तिथे जायचंच असेल तर इतर दिवशी पैसे भरून जा.

खाण्यात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. कॉफी उभ्याने प्यायची. बारमध्ये दरपत्रक लावलेलं असतं, त्यात 'अल बांको' म्हणजे काउंटरवर आणि 'अल तावोलो' म्हणजे टेबलावर. काउंटरवर एस्प्रेसो सव्वा-दीड युरोत मिळते, नवोना चौकात खुर्चीवर बसलात की तीच तीन-चार पट होते. गर्दीच्या बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची आणि ती काउंटरवर दाखवायची.

दुपारी 'पिझ्झा अल ताल्यो', म्हणजे वजनावर कापून मिळणारा पिझ्झा. पाटीवर भाव किलोचा किंवा 'एत्तो'चा असतो. एत्तो म्हणजे 100 ग्रॅम. हे न कळल्यामुळे लोक 2 युरो बघून खूश होतात आणि हातात 8 युरोंची पावती येते. विक्रेता मोठ्या ताटावर सुरी धरून विचारतो, एवढा? तेव्हा बोटाने दाखवायचं. एका माणसाला 300 ग्रॅम पुरतो. 18 युरो किलोचा भाव असेल तर 5 युरो 40 सेंट. शाकाहाऱ्यांनी बटाट्याचा किंवा मारिनारा घ्यावा. मारिनारात टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो एवढंच असतं.

शाकाहाऱ्यांसाठी थोडं सविस्तर, कारण फसगत इथेच होते. लाल रस्सा दिसला म्हणजे पदार्थ शाकाहारी, असं रोममध्ये नसतं: आमात्रिचानात डुकराच्या गालाचं मांस असतं. तळलेली भोपळ्याची फुलं दिसायला आपल्या भज्यांसारखी, पण पोटात चीजबरोबर अँचोव्ही मासा. सुप्ली या भाताच्या तळलेल्या गोळ्यात बहुतेकदा मांसाचा रस्सा असतो. नुसतं 'सेन्त्सा कार्ने', मांस नको, एवढं सांगून मासा टळत नाही. 'सेन्त्सा पेशे'सुद्धा म्हणा. पेन्ने आर्राब्बियाता बिनधास्त मागवा. टोमॅटो, लसूण आणि लाल मिरची, आपल्या जिभेला रुचणारं तिखट. काचो ए पेपे उत्तम, मात्र त्यातलं पेकोरिनो चीज कोकराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेलं असतं, कडक पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. टेबलावर न मागता आलेल्या पावाचे पैसे लागतात. नको असेल तर लगेच परत करा. टीप देण्याची सक्ती नाही.

पाणी विकत घेऊ नका. रस्त्यांवर 'नासोने' म्हणजे नाकाड्या नावाचे ओतीव लोखंडी नळ आहेत, पहिले 1874 साली बसवले, आज सुमारे अडीच हजार आहेत आणि पाणी पिण्याचंच आहे. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून धार वर येते, थेट तोंड लावून पिता येतं. नाश्ता आणि एक जेवण असं उभ्याने, दुसरं जेवण टेबलावर, आणि बसची दोन तिकिटं धरून माणशी दिवसाला 30-35 युरोंत नीट भागतं. पैसे कार्डाने देताना यंत्राने 'रुपयांत देता का?' विचारलं तर नाही म्हणा, युरोच निवडा. रुपयांत त्यांचा भाव पडतो आणि तो नेहमी महाग असतो.

व्हिसाचं शुल्क जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो आहे, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 45, त्याखाली माफ. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क आणि किमान 30,000 युरोंचा प्रवासविमा वेगळा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येतील अशीच हॉटेलं धरा.

कधी जावं? मे महिन्याची सुट्टी रोममध्ये सर्वात महाग काळात पडते. ऑगस्टच्या मध्यात उकाडा असतो आणि घरगुती खाणावळी बंद. दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात लांबत असेल तर ती पकडा: खोल्यांचे भाव उतरलेले, रांगा आखूड. हा तिथला सर्वाधिक पावसाचा महिना, तेव्हा छत्री आणि न घसरणारे बूट हवेत, कारण जुन्या भागातल्या दगडी फरश्या ओल्या झाल्या की पाय सटकतो. जोराच्या पावसात पँथिऑन गाठा, घुमटाच्या उघड्या भोकातून पाणी सरळ आत येतं आणि फरशीतल्या छिद्रांतून निघून जातं. 1 नोव्हेंबरला सर्व संतांची सुट्टी असते, चर्चमध्ये प्रार्थना चालू असतात. चित्रांसाठी तो दिवस सोडा.