साखर, मीठ आणि १० वॅट: एसएआर मोजण्याचा माझा अनुभव

एमटेकच्या शेवटच्या वर्षाला मी प्रोजेक्ट घेतला तो मोबाईलच्या लहरी डोक्यात किती शोषल्या जातात ते मोजायचा, म्हणजे एसएआर (एक किलो टिश्यूत दर सेकंदाला किती ऊर्जा शोषली जाते, एकक वॅट प्रति किलो), आणि गाईडनी पहिल्याच मीटिंगला विचारलं, सेन्सर कुठे ठेवणार? जिवंत माणसाच्या मेंदूत तर घालता येत नाही ना. म्हणून मग फँटम करायचा, म्हणजे लहरींसाठी अगदी टिश्यूसारखं वागेल असं द्रव.

९०० मेगाहर्ट्झच्या मोबाईल लहरींना डोक्यासाठी परमिटिव्हिटी (विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो) ४१.५ आणि कंडक्टिव्हिटी (वीज किती वाहू देतो) ०.९७ सीमेन्स प्रति मीटर लागते. पाण्याची परमिटिव्हिटी ८० च्या आसपास, ती खाली आणायला साखर घालायची आणि कंडक्टिव्हिटी वाढवायला मीठ. साखर थोडीथोडकी नाही, वजनाने अर्ध्याहून जास्त! वाण्याकडून १५ किलो आणली, कारण टबात द्रव निदान १५ सेंटिमीटर खोल हवं. घट्टपणासाठी एचईसी (हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज) पावडर घालतात, ती एकदम ओतली की गुठळ्या, पिठल्याला बेसन भुरभुरवत घोटतो ना तस्संच करावं लागतं. पहिल्या बॅचला प्रिझर्व्हेटिव्ह घालायचं राहिलं आणि आठवड्यात वर बुरशीचा पांढरा थर, सगळं ओतून परत पहिल्यापासून.

खरा घोळ तापमान मोजताना झाला. टबाखाली फोनच्या जागी लहरी सोडणारा डायपोल अँटेना, आणि द्रवात साधं थर्मोकपल, म्हणजे धातूच्या तारांचा तापमानाचा सेन्सर, सोडलं होतं. अँटेनाला पॉवर देणारा अँप्लिफायर चालू केला की आकडा झटकन ४ अंश वर, बंद केला की झटकन खाली. दोन दिवस मी तेच रीडिंग वहीत उतरवत होते, मग एकदा रात्री आलेख काढला तेव्हा लक्षात आलं की एवढं दाट द्रव एका सेकंदात गार कसं होईल? गरम काही होतच नव्हतं, थर्मोकपलची धातूची तारच अँटेनासारखी लहरी पकडत होती. दुसऱ्या डिपार्टमेंटमधून फायबर ऑप्टिक थर्मामीटर मागून आणला, त्यात धातू नसतो, आणि आकडा एकदाचा शहाण्यासारखा हळूहळू चढायला लागला.

अँटेनाला १० वॅट दिले, तळापासून १ सेंटिमीटर वर ३० सेकंदांत ०.८ अंश वाढ. द्रवाची विशिष्ट उष्णता (एक किलो एक अंशाने तापवायला लागणारी ऊर्जा) साधारण २८०० ज्यूल, तिला दर सेकंदाच्या तापमानवाढीने गुणलं की एसएआर आला ७५ वॅट प्रति किलो. फक्त पहिले ३० सेकंदच का, तर नंतर उष्णता आजूबाजूला पसरते आणि वेग मंदावतो. जिवंत टिश्यूत तर रक्त ती उष्णता सतत वाहून नेतं, त्यामुळे नुसतं तापमान बघून किती ऊर्जा शोषली गेली ते कळत नाही, हे मला या प्रोजेक्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बोलताना कान गरम होतो तोही मुख्यतः फोन स्वतः तापतो आणि कान झाकला जातो म्हणून.

भारतात फोनला एसएआरची मर्यादा आहे १.६ वॅट प्रति किलो, १ ग्रॅम टिश्यूवर सरासरी काढून. युरोपात २, पण १० ग्रॅमवर, त्यामुळे ते आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना करू नका प्लीज. १.६ ने माझं द्रव मिनिटभरात जेमतेम ०.०३ अंश तापेल, म्हणून टेस्टिंग लॅबमध्ये थर्मामीटरऐवजी बारीक ई-फील्ड प्रोब (विद्युत क्षेत्र मोजणारी सळई) रोबोटच्या हाताने द्रवात फिरवतात आणि फील्डवरून एसएआर काढतात.

आई कधीपासून विचारत होती, फोनने काही होत नाही ना गं? तिच्या फोनवर *#०७# डायल करून तिला आकडा दाखवला, मर्यादेच्या आत होता. तो आकडा फोन पूर्ण ताकदीने लहरी सोडत असतानाचा असतो, आणि रेंज चांगली असली की फोन त्याच्या कितीतरी कमी पॉवरवर चालतो. आमच्या स्वयंपाकघरात रेंजची एकच काडी असते आणि मावशीशी तासभर गप्पा तिथेच, तेव्हा आता आई फोन आला की गॅलरीत जाऊन बसते.